बाबूंचा पास

लखनौच्या हजरतगंजातून परिवर्तन चौकाकडे गेलं की के. डी. सिंह बाबू स्टेडियम लागतं. मराठी माणसाला ते आठवतं क्रिकेटमुळे. जानेवारी १९९४ मध्ये भारत-श्रीलंका कसोटी तिथे झाली. सचिननं १४२ धावा काढल्या, कुंबळेनं सामन्यात ११ बळी घेतले. पण ज्यांचं नाव या मैदानाला आहे ते कुंवर दिग्विजय सिंह हॉकीचे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे उपकर्णधार, १९५२ मध्ये हेलसिंकीत कर्णधार, आणि दोन्ही वेळा सुवर्णपदक. जन्म २ फेब्रुवारी १९२२ चा, लखनौच्या शेजारच्या बाराबंकीतला. सगळा अवध त्यांना नुसतं ‘बाबू’ म्हणायचा. आमच्या घरातही त्यांना दुसरं नाव नव्हतं.

लखनौत मराठी घरं तशी थोडी. काही भातखंड्यांच्या मॅरिस संगीत कॉलेजमुळे आली. ते १९२६ मध्ये निघालं आणि पुढे अण्णासाहेब रातंजनकरांनी कित्येक वर्षं चालवलं. काही घरं रेल्वेमुळे आली, त्यातलंच आमचं. नाना, म्हणजे माझे आजोबा, मूळचे झाशीचे. चारबागच्या हिशेब-कचेरीत कारकून म्हणून लागले आणि इथलेच झाले. झाशीचा मुलगा म्हटल्यावर गावातल्याच हॉकीच्या जादूगाराला, ध्यानचंदांना, त्यानं पाहिलेलं असणारच, आणि ज्यानं ध्यानचंदांना पाहिलं त्याला दुसरा खेळाडू सहसा डोळ्यांत भरत नाही. नानांना बाबू भरले. लहानपणापासून मी हे ऐकत आले, पण त्याचं वजन मला फार उशिरा कळलं.

नानांच्या जोडीला शेजारचे चाचा होते. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, बाराबंकीचे, आणि त्यामुळे बाबूंवर पहिला हक्क त्यांचा. नाना त्यांना ‘मास्टरसाहब’ म्हणत, ते नानांना ‘पंडितजी’. उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर खाटा टाकल्या की दोघांचं सुरू व्हायचं. आम्ही मुलं अर्धवट झोपेत ऐकायचो. माझ्या लेखी बाबूंची कारकीर्द आधी या खाटांवर घडली, पुस्तकांत नंतर.

चाचांची गोष्ट देवाच्या जत्रेपासून सुरू व्हायची. बाराबंकीपासून जवळच देवा हे गाव. तिथे हाजी वारिस अली शाहांचा दर्गा आहे आणि कार्तिकात मोठी जत्रा भरते. मुशायरा, कव्वाली, गुरांचा बाजार, आणि या सगळ्यात हॉकीची स्पर्धा. दर्ग्याच्या जत्रेत हॉकी म्हटलं की आज बाहेरच्या माणसाला नवल वाटतं, पण तेव्हा अवधमध्ये तो खेळ छावणीच्या कुंपणाबाहेर पडून कधीच गावचा झाला होता. गोऱ्या पलटणींनी आणलेला खेळ आमराईतल्या पोरांनी बाभळीच्या वाकड्या फांद्या तोडून आपलासा केला. बाबू घरचे रईस, रायबहादुरांचे चिरंजीव, त्यांना बाभळीच्या फांदीची गरज नव्हती. पण खेळले ते त्याच पोरांत. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा देवाच्या स्पर्धेत उतरला तेव्हा समोरचे जाणते खेळाडू त्याच्याकडे बघून हसले होते, असं चाचा सांगत. पुढचं वाक्य ते उठून बसून म्हणायचे: “फिर हँसना बंद हो गया.”

मग लखनौचं कान्यकुब्ज कॉलेज आणि एल. वाय. ए. नावाचा लखनौचा क्लब. १९३९ मध्ये या क्लबाकडून बाबू दिल्लीला खेळायला गेले. समोर बॅक होता महंमद हुसेन, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधला सुवर्णपदकवाला. सतरा वर्षांच्या पोरानं त्याला परत परत चकवलं. सामना संपल्यावर हुसेननं म्हणे विचारलं, हा मुलगा कुठला? आणि आपणहून सांगितलं की हा एक दिवस फार मोठा होईल. ही गोष्ट पुढे छापूनही आली. चाचांकडे तिची शेपटी जास्तीची होती: हुसेननं पोराचा हात हातात घेऊन मनगट फिरवून पाहिलं, आत काय आहे ते बघायला. हे कुठे छापलेलं मी पाहिलेलं नाही, पण मनगटाची गोष्ट खोटी कशी म्हणू?

कारण बाबूंचा खेळ मनगटाचाच होता. ते राइट-इनच्या जागी खेळत. त्या काळची मांडणी अशी: मागे गोली, त्याच्या पुढे दोन बॅक, मग तीन हाफ, आणि पुढे पाच फॉरवर्ड. या पाचांत गोल मारायचं मुख्य काम मधल्या सेंटर-फॉरवर्डचं, आणि त्याच्या उजव्या-डाव्या बाजूच्या ‘इन’चं काम हाफकडून बॉल घेऊन पुढे नेण्याचं. ऑफसाइडचा नियमही कडक. पास सुटतो त्या क्षणी पुढच्या खेळाडूसमोर विरुद्ध बाजूचे निदान तीन जण हवे असत. म्हणजे पास जरा उशिरा सुटला की शिट्टी, जरा लवकर सुटला की बॉल बॅकच्या पायात. खड्ड्याखुड्ड्यांच्या गवतावर, तुतीच्या लाकडाच्या स्टिकनं, हा मोका साधायचा.

नाना हे समजावून सांगताना छत्री उलटी धरायचे. बाबू बॅकसमोर येऊन जवळजवळ थांबत. घाई नाही. खांदा डावीकडे झुके. बॅकचं वजन त्या पायावर गेलं की स्टिक उलटी होऊन बॉल दुसरीकडे. मग हाफ धावून येई, त्यालाही थांबू देत. दोघे अंगावर आले की मधला पट्टा मोकळा, आणि त्या पट्ट्यात बॉल. नाना म्हणत, “बाबूंनी स्वतः कुठे जायचं ते ठरवलेलंच नसायचं. समोरच्याला कुठे न्यायचं ते ठरवलेलं असायचं.” आमच्या आजीनं आयुष्यात हॉकीचा एक सामना पाहिला नव्हता, पण हे ऐकून ऐकून तिनंच एकदा म्हटलं होतं की पानात मीठ वाढावं तसा तो पास असणार: जागा ठरलेली आणि आवाज नाही. नानांनी ते वाक्य उचललं ते कायमचं.

१९४७ मध्ये पूर्व आफ्रिकेचा दौरा झाला. तिथल्या आशियाई संघटनेनं निमंत्रण देतानाच अट घातली होती की ध्यानचंद असतील तरच संघ पाठवा. ध्यानचंद तेव्हा चाळिशी ओलांडलेले. गेले. त्या दौऱ्यात बाबूंचे गोल ७० आणि ध्यानचंदांचे ६२ अशी नोंद आहे. नाना हे आकडे फार जपून सांगत. झाशीकर म्हणून त्यांना ते जड जाई. पण लगेच म्हणत की ध्यानचंदांच्या शेजारी महिनोन्महिने खेळणं ही बाबूंची खरी शाळा. गोल मारणारा त्या शाळेत पास होतो, आणि पास देणारा तर पहिला येतो.

त्याच वर्षी देश फुटला आणि हॉकीही फुटली. १९३६ च्या संघातला दारा १९४८ मध्ये पाकिस्तानचा कर्णधार होऊन लंडनला आला. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन १९४८ मध्ये भारतासाठी सुवर्णपदक जिंकले आणि नंतर पाकिस्तानकडून खेळले. सियालकोटचे स्टिका घडवणारे कारागीर जालंधर-मेरठला आले. चाचांचा धाकटा भाऊ कराचीला गेला. तोही बाबूंचा भक्त. त्याची पत्रं यायची तेव्हा खुशालीच्या आधी हॉकीचा मजकूर असे. या भागात चाचा लांबण लावत नसत. मीही लावत नाही.

लंडन, १२ ऑगस्ट १९४८. वेम्ब्लीवर अंतिम सामना, समोर ग्रेट ब्रिटन. स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस कमी. उपांत्य सामन्यात हॉलंडनं दम काढला होता, २-१ नं कसेबसे निघालो होतो. अंतिम सामन्यात ४-०. बलबीर सिंगचे दोन गोल, पॅट्रिक जॅन्सन आणि तरलोचन सिंग यांचा एकेक. कर्णधार किशनलाल, जन्मानं महूचे पण मुंबईत बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडून खेळणारे. त्याच संघात मुंबईच्या मैदानांवर वाढलेले लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ हे गोमंतकीय होते. उजव्या बाजूला किशनलाल कडेला आणि बाबू त्यांच्या आत, ही जोडी. पावसानं मैदान निसरडं झालं तेव्हा या दोघांनी बूट काढून टाकले आणि अनवाणी खेळले, असं सांगतात. चाचांच्या सांगण्यात तर वेम्ब्लीचा चिखल बाराबंकीच्या चिखलासारखाच निघाला, म्हणून बाबूंना तो ओळखीचा वाटला. रेल्वे कॉलनीत ज्यांच्याकडे रेडिओ होता त्यांच्या अंगणात त्या रात्री उभं राहायला जागा नव्हती. नाना भिंतीवर बसले होते.

चार गोलांत बाबूंचा एकही नाही. कितीतरी वर्षं मी याला त्यांच्या कारकिर्दीतली उणीव समजत होते. नाना समजत नव्हते. ते प्रत्येक गोल उलटा सांगत: बॉल जाळ्यात, त्याआधी बलबीरच्या स्टिकवर, त्याआधी? आणि थांबत. उत्तर आम्ही द्यायचं.

हेलसिंकीला मात्र आमच्या घरात दोन पक्ष होते. आजी माहेरची कराडची. त्यामुळे १९५२ चं ऑलिंपिक तिच्यासाठी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं. खाशाबाही लंडनला गेले होते, फ्लायवेटमध्ये सहावे आले होते. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ ला खाशाबांनी बँटमवेटमध्ये कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, बाबूंच्या संघानं हॉलंडला ६-१ नं हरवलं. त्या ऑलिंपिकमध्ये भारताला मिळालेली पदकं एवढीच, लागोपाठच्या दोन दिवसांतली. एक कराडचं, एक बाराबंकीच्या माणसाच्या हाताखालचं. आजी ‘केसरी’तलं कात्रण जपून होती. गावी खाशाबांच्या मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या निघाल्याचं ती अशी सांगायची, जणू त्यातली एक तिच्या भावानं हाकली होती. हाकलीही असेल.

बाबूंनाही घर गहाण ठेवावं लागलं असतं का, असं ती नानांना विचारी. नाना गप्प बसत. हॉकीच्या मागे संघटना होती, रेल्वे होती, लष्कर होतं, संस्थानिक होते, तीन सुवर्णपदकांची पुण्याई युद्धाआधीपासून होती. कुस्तीगीर एकटा होता. आजीचा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. बाबूंचं मोठेपण मान्य करताना तो बाजूला ठेवू नये असं मला वाटतं.

हेलसिंकीत भारताचे तीनच सामने झाले. ऑस्ट्रियाशी ४-०, ग्रेट ब्रिटनशी ३-१, आणि अंतिम सामना. ब्रिटनविरुद्धचे तिन्ही गोल बलबीरचे. अंतिम सामन्यातल्या सहांपैकी पाच बलबीरचे, सहावा बाबूंचा. ऑलिंपिकच्या पुरुष हॉकीच्या अंतिम सामन्यात एका खेळाडूचे पाच गोल हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. बलबीर सिंग फार थोर खेळाडू, त्यांच्या नावचं एक पानही कमी करू नये. पण गच्चीवरच्या खाटांवर त्या पाच गोलांचा हिशेब वेगळा मांडला जायचा. कर्णधार राइट-इन आहे, स्वतः गोल मारायच्या टप्प्यात आहे, नावही हवं आहे, आणि तरी तो बॉल सोडतो आहे. मास्टरसाहब म्हणत, “कप्तानी यही थी. टॉस तो कोई भी कर ले.”

त्याच वर्षी ऑक्टोबरात लखनौला भारत-पाकिस्तान क्रिकेट कसोटी झाली. गोमतीकाठच्या युनिव्हर्सिटी मैदानावर, तागाच्या मॅटिंगवर. फझल महमूदनं १२ बळी घेतले, नझर मोहंमद १२४ धावांवर शेवटपर्यंत नाबाद राहिला, आणि भारत डावानं हरला. लोक इतके भडकले की खेळाडूंना बाहेर पडणं मुश्किल झालं. नाना त्या गर्दीत होते. ते म्हणत, तीन महिन्यांपूर्वी याच शहरातल्या माणसानं जग जिंकून आणलं होतं, त्याला बघायला मैदानात इतके लोक मी पाहिले नव्हते. खेळांची उतरंड पुढे कशी लागणार आहे ते लखनौत तेव्हाच दिसायला लागलं होतं.

मैदानाला खेळाडूचं नाव असलेलं आणखी एक गाव मला वाचनात भेटलं. आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा खेळ आहे, हॉकीचाच दूरचा भाऊबंद, पण स्टिक ॲश लाकडाची आणि बॉल हवेतूनही खेळायचा. टिपररी परगण्यात थर्ल्स हे गाव. तिथला टॉम सेंपल हा रेल्वेतला गार्ड १९०६ आणि १९०८ च्या राष्ट्रीय विजेत्या संघांचा कर्णधार होता. गावचं मैदान खेळासाठी मिळवण्यात आणि ते घडवण्यात त्यानं आयुष्य घातलं. तो १९४३ मध्ये गेला. १९७१ मध्ये त्या मैदानाला त्याचं नाव दिलं. त्याचे खेळ तर कॅमेऱ्यानं फारसे टिपलेलेच नाहीत. तरी थर्ल्सच्या घराघरांत म्हाताऱ्यांनी ते सांगितले, स्वातंत्र्यलढ्यात गार्डच्या डब्यातून तो क्रांतिकारकांचे निरोप पोचवायचा हेही सांगितलं. सेंपलबद्दल वाचलं तेव्हा मला नानांची आठवण येणं साहजिक होतं. पण खरा फरक मनाला लागला. थर्ल्सच्या मैदानावर आजही हर्लिंगच चालतं. तिथे जाणाऱ्या मुलाला सेंपल कोण हे विचारावं लागत नाही. बाबूंचं मैदान मात्र लोकांना क्रिकेटमुळे आठवतं.

बाबूंना १९५३ मध्ये अमेरिकेच्या हेल्म्स प्रतिष्ठानचा आशियातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. १९५८ मध्ये पद्मश्री. खेळणं थांबल्यावर त्यांनी उत्तर प्रदेशात खेळ रुजवायचं काम हातात घेतलं. जिल्ह्या-जिल्ह्यांतून पोरं वेचून आणायची, वसतिगृहात ठेवायची, खायला नीट घालायचं, शाळा सुटू द्यायची नाही आणि पहाटे मैदानावर उभं करायचं, अशी ती पद्धत. क्रीडा वसतिगृहांच्या या पद्धतीमागे बाबूंची कल्पना आणि रेटा होता. त्यातून पुढे फार मोठी माणसं निघाली. बनारसचा महंमद शाहिद लखनौच्या वसतिगृहात घडला. ज्यांनी १९८० च्या मॉस्कोतला शाहिदचा ड्रिबल पाहिला आहे त्यांना बाबूंची थोडी कल्पना करता येईल. शाहिद खेळायला लागला तोवर नानांची नजर अधू झाली होती. दूरदर्शनसमोर अगदी जवळ बसून त्यांनी त्याला पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “घरचाच दिसतोय.”

१९७२ मध्ये म्युनिकला जाणाऱ्या संघाचे प्रशिक्षक बाबू होते. हरमिक सिंग कर्णधार. इस्रायली खेळाडूंवर हल्ला झाला, सगळं ऑलिंपिक थिजलं, आणि त्या सावटात उपांत्य सामन्यात पाकिस्तानकडून ०-२ असा पराभव झाला. हॉलंडला २-१ हरवून कांस्य मिळालं. तेव्हा तिसरा क्रमांक म्हणजे अपयश समजलं गेलं. आता पुढची चाळीस वर्षं आठवली की ते अपयश फार उंचावरचं वाटतं. चार वर्षांनी माँट्रियलला हॉकी कृत्रिम गवतावर गेली आणि भारत सातवा आला. मनगटापेक्षा फुप्फुसांचा खेळ सुरू झाला. थांबून समोरच्याला हलवायची बाबूंची कला त्या मैदानावर टिकली असती का, यावर नाना आणि चाचा भांडत. चाचा म्हणत टिकली असती, सपाट मैदानावर तर अजून खुलली असती. मला चाचांचं पटतं. बॉल उसळत नाही म्हटल्यावर मनगटवाल्याचं काय बिघडणार होतं? बिघडलं ते आपलं. तशी मैदानंच आपण वेळेवर केली नाहीत.

२७ मार्च १९७८ ला लखनौत बंदुकीची गोळी लागून बाबू गेले. वय ५६. शिकारीचा शौक होता, घरात बंदुका होत्या. या दिवसाबद्दल आमच्या गच्चीवर कधी चर्चा झाली नाही. चाचा त्या तारखेला बाराबंकीला जाऊन येत, इतकंच.

नाना, आजी, चाचा तिघंही आता नाहीत. बाबूंचा खेळ हलत्या चित्रात शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागतं. लंडनच्या आणि हेलसिंकीच्या सामन्यांचे तुकडे आहेत. त्यात गोल दिसतो, गोल मारणारा दिसतो, आणि बॉल आधी कुठे होता ते चौकटीच्या बाहेर राहतं. गुणफलकावर पास लिहीत नाहीत. निदान तेव्हा लिहीत नसत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: हेलसिंकीच्या सुवर्णपदकात के. डी. सिंह बाबूंचा वाटा कागदावर एका-दोन गोलांचा दिसतो, तो खरा त्याहून कितीतरी मोठा आहे, आणि त्याचा पुरावा फक्त पाहणाऱ्यांच्या सांगण्यात आहे.

ते पाहणारे आता ऐंशीच्या, नव्वदीच्या पुढे गेले आहेत. लखनौ-बाराबंकीत आहेत, झाशीत आहेत, मुंबईत वांद्र्याच्या जुन्या गोवेकर घरांत आहेत, पुण्यात खडकीच्या छावणीशेजारी आहेत. ज्यांच्या घरात असा एखादा म्हातारा असेल त्यांनी त्याच्याजवळ बसावं. गोल कोणी मारला ते पुस्तकात आहे. त्याआधी बॉल कोणाकडे होता तेवढं विचारावं, आणि तो सांगेल ते त्याच्या शब्दांत लिहून ठेवावं.